जानेवारीतलं ऊन

मी विमा कंपनीत अर्ज तपासते. तपासते म्हणजे काय, लोकांनी काय लपवलंय ते हुडकते. छातीत कधी दुखलं का? घरात कोणी तरुणपणी गेलं का? लोक 'नाही, नाही, नाही' अशा खुणा करत अर्जाच्या तळाशी येतात आणि मग मी ते 'नाही' एकेक करून खरवडत बसते. सिंगापूरला आल्यापासून माझं हेच काम. नवरा म्हणतो, तुला नुसतं 'जेवलो' म्हटलं तरी तू पुरावा मागशील. मागतेच. त्यात काय!

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे केलं ते अजाणतेपणी झालं म्हणायची सोय मला नाही.

लेक तेव्हा बारा वर्षांची होती, सहावीत. आम्ही सेम्बावांगला राहायचो. अभ्यासात पोरगी यथातथाच, गणित म्हटलं की तिच्या पोटात दुखायचं. पण उंची अशी वाढली होती की शाळेचा गणवेश सहा महिन्यांत तोकडा व्हायचा. मला तर ती कधीच ओलांडून गेली होती. हात लांब, बोटं लांब, आणि एक खोड होती तिला. अंगठा तळहातात घालून मूठ मिटायची आणि अंगठ्याचं टोक दुसऱ्या बाजूने बाहेर काढून दाखवायची. मैत्रिणींना किळस यायची, ही खिदळायची. मी तेवढ्यापुरती दुसरीकडे बघायचे. का, ते सांगते पुढे.

बिशानला एक बास्केटबॉल क्लब होता. तिथल्या मुलींच्या संघात निवड झाली की चांगल्या शाळा पुढे खेळावर घेतात, असं सगळे आईबाप बोलायचे. लेकीला शाळेचं काही पडलेलं नव्हतं. तिला फक्त ती निळी जर्सी हवी होती. झोपाळू पोरगी, पण शनिवारी पहाटे स्वतः उठून बूट घालून दारात उभी राहायची. तिला असं कशासाठी जीव टाकताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

क्लबचे कोच साठीचे चिनी गृहस्थ. गळ्यात शिट्टी, पायात मोजे आणि त्यावर चपला. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा पालकांना सांगितलं, "आज कोण चांगलं खेळतं ते स्कोअरबोर्ड सांगतो, त्याला मी कशाला? मला तीन वर्षांनंतरची मुलगी बघायची असते." मग एकेकीला भिंतीला पाठ लावून उभं करून त्यांनी उंची घेतली, बुटाचा नंबर विचारला, मनगट धरून पाहिलं आणि शेवटी आईबापांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. आमच्याकडे स्थळ बघायला येतात तसंच सगळं. चालून दाखव म्हणायचं तेवढं राहिलं होतं, तर तेही म्हणाले.

शेवटी हात पसरायला लावून ते टेपने एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या बोटाच्या टोकापर्यंत मोजायचे. माझ्या लेकीचं माप घेतल्यावर त्यांनी टेप पुन्हा लावला. माप उंचीपेक्षा चांगलं चार बोटं जास्त भरलं. "वाह," ते म्हणाले, "लाँग हँड. व्हेरी गुड, लाह." इथली माणसं वाक्याच्या शेवटी 'लाह' लावतातच. लेकीचा चेहरा असा फुलला की माझ्याही अंगावर मूठभर मांस चढलं.

त्या माणसाशी माझं जमलं, कारण तो माझ्याच धंद्यातलं बोलायचा. त्याच्या वहीत दोन रकाने होते. पहिल्यात एक ठेंगणी, चपळ मुलगी होती. तिच्याबद्दल तो म्हणाला, "हिचं मला सगळं माहीत आहे. तीन वर्षांनी हीच असेल, जरा जास्त हुशार. हिला घेण्यात धोका नाही." दुसऱ्या रकान्यात माझी. "हिला बॉल धड धरता येत नाही. पण ही काय होईल ते मला माहीत नाही, म्हणून मला ही हवी." मी विचारलं, आणि अंदाज चुकला तर? तो हसला. "पुष्कळदा चुकतो. मग काय, माझा अंदाज फुकट जातो. मुलगी थोडीच फुकट जाते!"

मग त्याने आमच्याकडे पाहिलं. नवरा बेताचा, मी त्याहून बेताची आणि वर जाड भिंगाचा चष्मा. त्याने विचारलं, घरात उंच कोण?

"माझा भाऊ," मी म्हणाले.

"खेळायचा?"

"कबड्डी."

त्याने खूष होऊन वहीत काहीतरी लिहिलं. तो भाऊ कुठे असतो हे त्याने विचारलं नाही आणि मीही बोलले नाही.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. नाशिकला आमच्या आळीत दारातून वाकून आत येणारा तो एकटाच. मुठीतून अंगठा बाहेर काढायची करामत त्याचीच. मी तेरा वर्षांची असताना, कॉलेजच्या मैदानावर, जिल्ह्याच्या निवडीचा सामना चालू असताना तो खाली बसला, छातीवर हात ठेवला आणि गेला. घरी आणला तेव्हा अंगाला मैदानाची माती तशीच होती. आईने त्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगितलं, ऊन लागलं. पुढेही कोणी विचारलं की तेच. वडील तेच म्हणायचे, मीही तेच म्हणायला शिकले. लग्न ठरताना सासरच्यांनाही तेच सांगितलं.

तो महिना जानेवारीचा होता. नाशिकला जानेवारीत दात वाजतात. कुठलं आलंय ऊन? पण हे घरात कोणी कोणाला विचारलं नाही.

निवडीच्या आधी क्लबने फॉर्म दिला. रविवारची दुपार होती, नवरा केळी तळत होता. मी म्हटलं, तू भर. तो म्हणाला, "छे बाई, घरात तज्ज्ञ असताना मी कशाला? तूच भर, रिस्कवाली." मी भरायला बसले. नाव, पत्ता, रक्तगट. मग आले माझ्या ओळखीचे प्रश्न. व्यायाम करताना छातीत दुखतं का? घरात कोणाचा पन्नाशीच्या आत अचानक मृत्यू झाला का?

पंधरा दिवसांपूर्वी सेम्बावांग स्टेशनच्या जिन्यात लेक मध्येच थांबली होती. "आई, इथे टोचतंय," म्हणून छातीवर बोट ठेवलं होतं. मी काय केलं? घरी आणून ओवा दिला. गॅस आहे म्हटलं, बाहेरचं खाणं कमी कर म्हटलं. मनात काही आलंच नाही असं नाही. आलं, आणि मी ते ओव्याबरोबर गिळलं.

आता समोर दोन चौकोन होते. ऑफिसात एक जरी 'हो' आला तरी अर्ज उचलून दुसऱ्या गठ्ठ्यात जातो, आणि तो गठ्ठा कोणी हौसेने उघडत नाही. हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? कोचच्या वहीत माझी पोर आधीच धोक्याच्या रकान्यात, त्यात मी स्वतःच्या हाताने भर घालू? आणि ऊन लागणं हा काही आजार नाही, असंही मी स्वतःला बजावलं. दोन्हीकडे 'नाही' केलं आणि सही ठोकली. दुसऱ्याचं पाहायचं वाकून आणि आपलं ठेवायचं झाकून, ही म्हण काही उगीच पडली नाही.

तेव्हापासून मला भीतीने धरलं. आधी अधूनमधून, मग चोवीस तास. लेक आंघोळीला गेली आणि पाण्याचा आवाज थांबला की मी दाराशी कान लावायचे. सरावाला गेली की फोन हातातून खाली ठेवायचे नाही. ऑफिसात कोणाच्या अर्जावर 'नाही' दिसलं की पेन पुढे सरकेना. नवऱ्याला सांगावं तर तो म्हणणार, मग फाड तो फॉर्म. आणि ती दारात बूट घालून उभी असायची हो, काय सांगू तिला? निवड होऊ दे, मग हळूच तपासून आणू, असं मी ठरवलं. भित्रा माणूस नेहमी 'मग' म्हणतो.

निवडीचा शनिवार उजाडला. हॉलमध्ये एसी नव्हता, वर मोठे पंखे नुसतेच गरगरत होते. आम्ही पालक बाकांवर बसलो. मुलींना दोन संघांत वाटून सामना सुरू झाला. पहिली दहा मिनिटं लेकीने निव्वळ घोटाळे केले. बॉल हातातून सुटत होता, ती ठेंगणी पोर तिच्या काखेखालून निघून जायची. नवरा कपाळाला हात लावून बसला होता. आणि मला, आई असून, बरं वाटत होतं. नको होऊ दे निवड, मी मनात म्हणत होते. आपोआप सुटू दे हे.

तेवढ्यात रिंगवर आदळून बॉल वर उडाला. चार मुली उड्या मारायला खाली वाकल्या, आणि माझी त्यांच्या मागून सरळ वर गेली आणि तो बॉल फळीवरचा डबा काढावा तसा काढून घेतला. हॉल 'ओऽ' म्हणाला. कोचने वहीत लिहिलं. ती वळून माझ्याकडे बघत हसली, धापा टाकत, आणि एक हात छातीखाली दाबून धरलेला. कदाचित नुसती कळ असेल पोटात. पण मी बाकावरून अर्धी उठले.

त्याच वेळी फोन वाजला. नाशिकहून आई. तिकडे सकाळ होती, पूजा आटोपून ती दर शनिवारी फोन करायचीच. मी बाहेरच्या व्हरांड्यात गेले.

"अगं, कुठे आहेस? एवढा कसला गलका?"

"हिची निवड चाललीय आई. बास्केटबॉलची. सांगितलं होतं की तुला."

 आई एकदम बदललेल्या आवाजात म्हणाली, "निवड म्हणजे? फॉर्म भरावा लागतो का गं त्याला?"

"लागतो."

"काय लिहिलंस?"

इतक्या वर्षांत आईने मला कामाबद्दल कधी काही विचारलेलं नाही. आणि आता हे. मी म्हणाले, "'नाही' लिहिलं. तूच म्हणतेस ना, ऊन लागलं होतं."



"त्यानेही आणला होता फॉर्म," आई म्हणाली. "छातीत दुखायचं त्याच्या, जिना चढताना. दोनदा सांगितलं होतं मला. फॉर्मवर विचारलं होतं तसं. मी म्हटलं, लिहिते खरं. तर पाया पडला माझ्या. आई, 'नाही' लिही गं, नाहीतर घेणार नाहीत. मग मी 'नाही' लिहिलं. माझं अक्षर चांगलं म्हणून मीच लिहिलं." आणि मग ती ओरडली, माझी आई, जी आयुष्यात कधी आवाज चढवत नाही, "अगं उभी काय राहिलीस! जा, काढ माझ्या पोरीला बाहेर!"

मी धावले. एक चप्पल दारात राहिली. बाकांमधून, पिशव्यांवरून, आणि सरळ कोर्टात. कोणीतरी "आंटी, आंटी!" करत मागे लागलं. मुली धावत होत्या, एकीचा धक्का लागून मी गुडघ्यावर आपटले. कोचची शिट्टी कानठळ्या बसवत वाजली. "मॅडम! ऑफ द कोर्ट!"

"फॉर्म खोटा आहे," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, कारण हळू म्हटलं असतं तर पुन्हा धीर झाला नसता. "मी खोटं लिहिलंय. हिच्या छातीत दुखतं. माझा भाऊ मैदानावर गेला, अठराव्या वर्षी. मी 'नाही' लिहिलं."

सगळा हॉल थांबला. कोच आधी माझ्याकडे बघत राहिला, मग लेकीकडे. तिचे लांब हात, लांब बोटं, ते चार बोटं जास्त भरलेलं माप. त्याचा चेहरा उतरला. काय झालं ते माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. त्याने बॉल खाली ठेवला, लेकीच्या खांद्याला धरून तिला बाकावर बसवलं आणि तिच्या मनगटावर बोट ठेवून घड्याळ बघत राहिला.

लेक माझ्याकडे बघतही नव्हती. "आई, सो मलू लाह," एवढंच पुटपुटली. लाज वाटली की इथली मुलं असंच म्हणतात. मग तिने मुठी मिटल्या आणि रडायला लागली, आणि त्या मुठींतून दोन्ही अंगठे बाहेर आलेले मला दिसले.

इस्पितळात डॉक्टरीण तरुण होती. तिने लेकीची उंची मोजली, हात पसरायला लावून टोकापासून टोकापर्यंत मोजलं, कोचने मोजलं होतं अगदी तसंच. फक्त ही 'वाह' म्हणाली नाही. मग म्हणाली, अंगठा आत घालून मूठ मिट बरं. मी तिथल्या खुर्चीचा हात घट्ट धरला. दादाची करामत, आमच्या ओसरीवर सगळ्यांना हसवणारी, ती या परक्या गावात एक बाई तपासणी म्हणून करून घेत होती. स्कॅन झाला. हृदयातून निघणारी मोठी नळी सुरुवातीलाच फुगत चालली होती. हे रक्तातून येतं, ती म्हणाली. उंची, लांब हात आणि ही नळी, सगळं एकाच गाठोड्यातून. गोळ्या, दरवर्षी तपासणी, पुढे कदाचित ऑपरेशन. जगता येईल, चांगलं जगता येईल. पण असा धावपळीचा, धक्काबुक्कीचा खेळ नाही. कधीच नाही. माझीही तपासणी झाली आणि थोडं माझ्यातही निघालं, पण मी कुठे उड्या मारायला जाते?

लेक आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी पोळी ताटात तशीच ठेवून इंग्रजीत म्हणाली, "सांगायचं होतं तर आधी सांगायचं. नाहीतर सांगायचंच नाही. तू त्यांच्यासमोर सांगितलंस."   मी म्हटलं, खरंय तुझं, चुकले मी. ती म्हणाली, "मामाचा फोटो आहे?" होता. माझ्या पासपोर्टच्या पाकिटात. तिने तो बराच वेळ पाहिला, हातांकडे विशेष.

जर्सी गेली. शाळा साधीच मिळाली. आणि भीती? ती गेलीबिली काही नाही. बाथरूममधलं पाणी थांबलं की अजूनही माझे कान टवकारतात.

कोचचा महिन्याभराने फोन आला. मला वाटलं, झापणार. तो म्हणाला, त्या दिवसापासून तो कोणाचे हात मोजताना आधी दुसरंच काही विचारतो. आणि म्हणाला, स्कोअर लिहायला माणूस हवाय, पाठवता का तिला? मी पाठवणार नव्हते. ती स्वतःच गेली.

तीन वर्षांनी, पुन्हा निवडीच्याच एका शनिवारी, मी तिचा डबा घेऊन बिशानला गेले. दाराशी टेबल टाकून ती बसली होती, पंधरा वर्षांची, खुर्चीत न मावणारी. पालकांचे फॉर्म ती घेत होती. नुसती घेत नव्हती, दोन प्रश्न प्रत्येकीला वाचून दाखवत होती आणि उत्तर येईपर्यंत वर बघत राहायची. माझ्या पुढे एक बाई उभी होती, बोलण्यावरून तमिळ वाटली. बाजूला तिची मुलगी, काठीसारखी उंच. दुसरा प्रश्न आल्यावर बाईचं पेन चौकोनावर थांबलं. ते थांबणं मी ओळखते. त्यावरच माझं पोट चालतं.

लेकीने तिला घाई केली नाही. "आंटी, टेक युअर टाइम," ती म्हणाली. "माय मदर ऑल्सो रोट नो." आणि हात लांब करून तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

ती बाई वळली. तिच्या मागच्या दोघीतिघी वळल्या. तीन वर्षांपूर्वी मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं असतं. मी डबा काखेत धरला आणि हात वर केला.

"हो," मी म्हणाले, "मीच ती."

बाईने पेन उचललं आणि 'हो'वर खूण केली.